मिरजेचा षड्ज आणि न्यूयॉर्कची जोडी

न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर २७५ क्रमांकाची एक जुनी इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं तर आधी जोडे काढावे लागतात. आत खुर्च्या नाहीत. जमिनीवर गालिचा, गुलाबी-जांभळा प्रकाश आणि कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे स्पीकर. त्यांतून एक आवाज येत असतो आणि तो थांबत नाही. ताल नाही, बोल नाहीत, सुरुवात आणि शेवटही नाही. उभ्या जागी मान थोडी डावीकडे वळवली तर वेगळा स्वर कानी येतो, उजवीकडे वळवली तर आणखी वेगळा. दोन पावलं चाललं की सगळा नाद बदलतो, आणि स्थिर बसलं की तोही स्थिर होतो. या जागेचं नाव 'ड्रीम हाउस'. १९९३ पासून ती इथे आहे. ती उभी केली ला मोंट यंग आणि मेरियन झझीला या नवरा-बायकोच्या जोडीने.

पाश्चात्त्य संगीतात ज्याला 'मिनिमल' म्हणतात, म्हणजे कमीत कमी सामग्रीतून उभं केलेलं संगीत, त्याच्या मुळाशी यंग यांचं नाव घेतलं जातं. विजेच्या उपकरणातून निघणारा एकच स्वर तासन् तास चालू ठेवायचा आणि त्यालाच संगीत म्हणायचं, हे धाडस या जोडीने साठ वर्षांपूर्वी केलं. आता जगभरात इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी पोरं त्यांना वाडवडिलांच्या जागी मानतात. मराठीत त्यांच्यावर फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. वास्तविक या गोष्टीचा एक पाय आपल्या मिरजेत आहे, थेट मीरासाहेबांच्या दर्ग्यात. म्हणून हा लेख.

विजेची गुणगुण

ला मोंट यंग यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बर्न नावाच्या लहानशा वस्तीत झाला. घर लाकडी ओंडक्यांचं, कुटुंब मॉर्मन पंथाचं आणि गरीब. त्या ओंडक्यांच्या फटींतून घोंघावणारा वारा ही आपली पहिली आठवण, असं ते सांगत आले. दुसरी आठवण विजेची. खांबावरच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर जी एकसुरी गुणगुण करतात, ती ऐकत ते तासन् तास उभे राहत.

यावर हसू नये. बीड जिल्ह्यातल्या आमच्या धर्मापुरीत राहणाऱ्याला ट्रान्सफॉर्मर कसा गुणगुणतो ते सांगावं लागत नाही. लाइट आहे की गेली, हे आम्ही बल्बच्या आधी कानांनी ओळखतो. परळीचं औष्णिक केंद्र जवळ असल्याने विजेशी आमचं नातं तसं दोन पिढ्यांचं. फरक एवढाच की आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेतली ६० ची. म्हणजे तिकडची गुणगुण आपल्यापेक्षा साधारण एका कोमल गांधाराने चढी. आम्ही ती ऐकून विसरतो. यंग विसरले नाहीत.

लॉस एंजेलिसमध्ये शिकत असताना त्यांनी आधी जॅझ सॅक्सोफोन वाजवला. १९५८ मध्ये त्यांनी तीन तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली. तिच्यात एकेक स्वर मिनिटभर, दोन-दोन मिनिटं लांबतो आणि मध्ये तेवढीच शांतता असते. शिक्षक चक्रावून गेले. १९६० मध्ये त्यांनी त्याहून पुढची रचना केली: कागदावर फक्त दोन स्वर, एकमेकांपासून षड्ज-पंचमाच्या अंतरावर, आणि 'हे बराच वेळ धरून ठेवा' एवढीच सूचना. आपल्याकडे कुणाही गवयाच्या मुलाला हा कागद दाखवला असता तर तो म्हणाला असता, हा तर तानपुरा आहे.

आणि ते खरंच तसं होतं. १९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांची एक लाँग प्ले रेकॉर्ड अमेरिकेत निघाली होती. तिच्या सुरुवातीला यहुदी मेन्युहिन वाद्यांची ओळख करून देतात आणि क्षणभर नुसता तानपुरा ऐकू येतो. यंग यांच्या हाती ती रेकॉर्ड विद्यार्थीदशेत लागली. लोक सरोद ऐकत होते, हा पोरगा मागचा तानपुरा ऐकत बसला.

मेरियन झझीला १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या. त्या चित्रकार. १९६२ मध्ये दोघं भेटले, १९६३ मध्ये लग्न झालं. तेव्हापासून झझीला २०२४ मध्ये जाईपर्यंत या दोघांचं काम वेगळं काढता येत नाही. स्वर त्याचा, प्रकाश तिचा, आणि गाणं दोघांचं. झझीला यांनी काढलेली अक्षरं मी पडद्यावर अनेकदा न्याहाळली आहेत. एक ओळ आरशात धरल्यासारखी दुसऱ्या बाजूला उमटते, अक्षर वाचायचं की वेल म्हणून पाहायचं हे कळत नाही. मशिदीच्या कमानीवरची खत्ताती पाहत वाढलेल्या माणसाला ही गंमत लगेच कळते.

१९६० च्या दशकात त्यांच्याभोवती एक मंडळी जमली. टोनी कॉनरॅड व्हायोलिनवर, जॉन केल व्हायोलावर, अँगस मॅक्लाइज तालावर, काही काळ टेरी रायलीही. यंग आणि झझीला आवाज लावत. घरात पाळलेल्या कासवाच्या काचपेटीला एक छोटी मोटर होती. ती ६० आवर्तनांच्या विजेवर गुणगुणे. १९६४ च्या सुमारास या मंडळींनी तिचाच स्वर आधार धरला आणि सगळ्या वाद्यांचे स्वर तिच्याशी लावले. रचनेच्या नावातही ते कासव आलं. पुढे केल तिथून निघाला आणि 'व्हेलवेट अंडरग्राउंड' या रॉक बँडमध्ये गेला. तो धरून ठेवलेला स्वर त्याने सोबत नेला, आणि त्या वाटेने तो सगळ्या पाश्चात्त्य रॉकमध्ये पसरला. रायलींच्या नावावरून आणि आपल्या अहमदनगरच्या मेहेरबाबांच्या नावावरून 'द हू' या इंग्लिश बँडने १९७१ मध्ये 'बाबा ओ'रायली' हे गाणं केलं. जगात कुठला धागा कुठे जाऊन बांधला जातो याचा नेम नाही.

१९६६ पासून या जोडीने राहत्या घरात साइन वेव्ह जनरेटर लावले. साइन वेव्ह म्हणजे एकटा, निर्भेळ स्वर. तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात, साइन वेव्हमध्ये ते नसतात. माणसाच्या गळ्यातून असा स्वर निघत नाही, तो यंत्रच काढू शकतं. असे दोन-चार स्वर विशिष्ट प्रमाणात एकत्र ठेवले की खोलीतल्या हवेत त्यांचा एक अदृश्य नकाशा तयार होतो. म्हणून मान वळवली की स्वर बदलतो. घरातले ते स्वर जवळपास अखंड, वर्षानुवर्षं चालू होते. जेवण, झोप, पाहुणे, सगळं त्या स्वरात. १९६९ मध्ये म्युनिकच्या हायनर फ्रीडरिश यांच्या कलादालनात पहिलं 'ड्रीम हाउस' लोकांसाठी उघडलं. त्याच वर्षी काळ्यावर काळ्या अक्षरांच्या वेष्टनाची त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली, मर्यादित प्रतींची. १९७४ मध्ये फ्रान्समधून दुसरी. तिची एक बाजू दोघांच्या आवाजाची आणि दुसरी नुसत्या साइन वेव्हची.

कैराना, कोल्हापूर, लाहोर

इथे जरा मागे जावं लागेल.

उत्तर प्रदेशातल्या कैराना गावावरून ज्याला किराणा घराणं म्हणतात, त्याची दोन खोडं. एक उस्ताद अब्दुल करीम खाँ, दुसरं उस्ताद अब्दुल वहीद खाँ. दोघं नात्याने भाऊ. दोघांचाही महाराष्ट्राशी संबंध. वहीद खाँ लहानपणीच कोल्हापूरला आले आणि तिथे लंगडे हैदर बख्श खाँ यांच्याकडे शिकले. हे हैदर बख्श बीनकार मियाँ बंदे अली खाँ यांचे शागीर्द, आणि बंदे अली खाँ आयुष्याच्या अखेरीस पुण्यात राहिले, तिथेच वारले. म्हणजे किराणा नावाने उत्तरेतलं असलं, तरी त्याची जडणघडण पंचगंगा-कृष्णेच्या काठी बरीच झाली.

करीम खाँसाहेबांची कहाणी मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक असते. बडोद्याच्या दरबारात असताना सरदार माने घराण्यातल्या ताराबाईंशी त्यांचं जुळलं, दोघांनी बडोदा सोडलं, पुढे मिरज गाठलं. मिरजेत प्लेगातून आपण ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झालो, अशी त्यांची श्रद्धा होती असं सांगतात. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी शाळा काढली. नाव ठेवलं, आर्य संगीत विद्यालय. कैरान्याच्या एका मुसलमान सारंगिया घराण्यातला गवई पुण्यात शाळा काढतो आणि तिचं नाव 'आर्य' ठेवतो, यावर एक वेगळा लेख होईल. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, सकीनाच्या सरस्वती राणे. तिघंही मराठी संगीताची शान. हिराबाई आणि सुरेशबाबू यांना वहीद खाँसाहेबांचीही तालीम मिळाली आणि तीच पुढे प्रभा अत्रे यांच्यापर्यंत गेली. दुसऱ्या बाजूने करीम खाँ यांचे शागीर्द रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी.

किराण्याचं वैशिष्ट्य एका शब्दात सांगायचं तर स्वर. लयीचे खेळ, बोलांची लढत, तानांचा पाऊस हे सगळं नंतर. आधी एक स्वर लावायचा आणि तो पूर्ण पटेपर्यंत पुढे जायचं नाही. वहीद खाँ एकेक राग इतका सावकाश उलगडत की आजची विलंबित ख्यालाची चालच त्यांच्यापासून धरली जाते. ते कानाने अधू होते, लोक त्यांना 'बहरे' वहीद खाँ म्हणत. सकाळी तोडी आणि रात्री दरबारी, एवढ्याच दोन रागांचा रियाज ते करत, आणि सकाळ संपलीच नसती तर दरबारीही सोडला असता असं म्हणत, अशी आख्यायिका आहे. ध्वनिमुद्रणाला त्यांचा विरोध होता. रेडिओवरच्या गाण्याची मोजकी ध्वनिमुद्रणं तेवढी उरली. १९४९ मध्ये ते गेले.

लाहोरमध्ये या वहीद खाँच्या दारात एक हिंदू मुलगा आला. प्राणनाथ. १९१८ चा जन्म, घरी गाण्याला विरोध म्हणून तेराव्या वर्षी घर सोडलेलं. अनेक वर्षं त्याने उस्तादांच्या घरी नोकरासारखी खिदमत केली, मग कुठे तालीम सुरू झाली. रात्री घरापासून लांब जाऊन रियाज करायचा. पुढे काही वर्षं तो देहरादूनजवळ टपकेश्वरच्या गुहेत अंगाला राख फासून राहिला आणि गात राहिला. गुरूंनीच त्याला सांगितलं की संसारात परत जा आणि हे गाणं पुढे ने. फाळणीनंतर पंडित प्राणनाथ दिल्लीत होते. १९६० ते १९७० दिल्ली विद्यापीठात शिकवत. मैफलीच्या बाजारात ते फार चालले नाहीत. त्यांचं गाणं फारच संथ, श्रोत्यांना खूश करण्याची कला अंगी नाही.

१९६७ मध्ये श्याम भटनागर नावाच्या शिष्याने प्राणनाथांच्या टेप अमेरिकेत आणल्या. त्या यंग आणि झझीला यांच्या कानावर पडल्या. यंत्रातून जे काढण्याचा ते इतकी वर्षं प्रयत्न करत होते ते एक माणूस गळ्यातून काढतो, हे त्यांनी ऐकलं. १९७० मध्ये त्यांनी प्राणनाथांना न्यूयॉर्कला बोलावलं. आणि मग जे झालं ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत विलक्षण वाटतं. युरोप-अमेरिकेत नाव झालेली, स्वतःच्या पंथाची प्रवर्तक समजली जाणारी ही जोडी गंडा बांधून शागीर्द झाली. सव्वीस वर्षं, म्हणजे १३ जून १९९६ रोजी प्राणनाथ कॅलिफोर्नियात वारले तोपर्यंत, ती शागीर्दच राहिली. उस्ताद त्यांच्या घरी राहत. त्यांचं खाणंपिणं, प्रवास, वर्ग, पैशांची व्यवस्था, तानपुरे लावणं, सगळं हे दोघं बघत. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'किराणा सेंटर' निघालं. टेरी रायली आले, ट्रम्पेट वाजवणारे जॉन हॅसल आले, स्वीडनच्या कॅथरीन क्रिस्टर हेनिक्स आल्या. ज्यांना इलेक्ट्रॉनिक आणि मिनिमल संगीताचे शिलेदार म्हणतात त्यातले निम्मे लोक पहाटे उठून भैरवचा रिषभ लावायला शिकत होते.

१९८२ मध्ये यंग आणि झझीला यांनी एक ध्वनिमुद्रण केलं, 'पंडित प्राणनाथांचे तानपुरे'. त्यात कुणी गात नाही. दोघं जण तासाभराहून जास्त वेळ फक्त तानपुरे छेडतात. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मी ते रात्री बाराच्या पुढे हेडफोनवर ऐकतो, गाव झोपल्यावर. वीस मिनिटांनंतर तारा ऐकू येणं थांबतं आणि मधली हवा ऐकू यायला लागते. खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गांधार वर तरंगतो.

'हिंदू' स्वरसप्तक आणि मुसलमान गळा

त्या गांधाराची एक मराठी गोष्ट आहे.

सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. शास्त्रग्रंथांत सांगितलेल्या बावीस श्रुती म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मोजून पाहायचा त्यांना ध्यास होता. मोजायला गळा हवा, तोही असा की आज लावलेला स्वर उद्या केसभरही हलणार नाही. तो गळा मिरजेत होता. करीम खाँ गात, देवल तारेची लांबी मोजत. पंचम षड्जाच्या तीनास दोन, मध्यम चारास तीन, गांधार पाचास चार. हार्मोनियमचा गांधार या हिशेबापेक्षा चढा निघतो. खाँसाहेबांच्या गळ्यातला आणि तानपुऱ्याच्या खर्जातला गांधार मात्र जुळतो. १९१० मध्ये देवलांचं इंग्रजी पुस्तक आलं. पुढे अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज सनदी अधिकारी यात सामील झाले आणि श्रुतींची खास हार्मोनियमही तयार करवली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिचं प्रात्यक्षिक झालं. जाणत्या गवयांपुढे तिचा टिकाव लागला नाही.

पुस्तकाचं नाव होतं 'हिंदू म्युझिकल स्केल', म्हणजे हिंदू स्वरसप्तक. गळा अब्दुल करीम खाँचा, सप्तक हिंदू. देवलांवर मी कसलाही आरोप करत नाही. त्यांनी खाँसाहेबांचं ऋण लपवलं नाही, आणि त्या काळी इंग्रजीत 'हिंदू' हा शब्द 'हिंदुस्थानचं' या अर्थानेही सर्रास वापरला जाई. तरीही शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला मुखपृष्ठच दिसतं. आत कोण गायला हे पाहायला पान उलटावं लागतं, आणि बहुतेक जण उलटत नाहीत.

यंग-झझीला जोडीने पन्नास वर्षांनी नेमकं हेच गणित हाती घेतलं. स्वरांची साधी प्रमाणं, कानाने तपासलेली. यंग यांची पाच-सहा तासांची पियानोरचना १९६४ पासून वाढत गेली, तिचं १९८१ चं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी पियानोच्या तारा या पद्धतीनेच नव्याने लावल्या. गंमत अशी की त्यांनी पाचाचा आकडा मुद्दाम टाळला आणि तीन आणि सात यांवर सगळं उभं केलं. म्हणजे खाँसाहेबांचा तो लाडका गांधारच बाहेर ठेवला. मला हे कळल्यावर थोडा रागच आला होता. पण रियाजाला बसले की तोच माणूस तानपुऱ्यात तो गांधार ऐकत होता, गात होता. यंत्रासाठी एक नियम आणि गुरूसमोर दुसरा, हे त्यांनी निभावलं.

मालकीच्या प्रश्नावर मात्र यंग यांचं वागणं इतकं सरळ नाही. साठच्या दशकातल्या त्या मंडळींनी मिळून वाजवलेल्या संगीताच्या शेकडो टेप यंग यांच्या ताब्यात राहिल्या. हे संगीत माझं, बाकीचे साथीदार, असं त्यांचं म्हणणं. कॉनरॅड आणि केल म्हणाले, ते सगळ्यांचं होतं. १९९० मध्ये बफेलो शहरात यंग यांच्या कार्यक्रमाबाहेर कॉनरॅड फलक घेऊन उभे राहिले. २००० मध्ये १९६५ ची एक टेप यंग यांच्या परवानगीशिवाय बाजारात आली. वाद मिटला नाही, बहुतेक टेप अजून कुणी ऐकलेल्या नाहीत. बरोबरीच्यांना नाव द्यायला का कू करणारा हा माणूस गुरूच्या आणि गुरूच्या गुरूच्या नावाबाबत मात्र कमालीचा काटेकोर. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकांत, रेकॉर्डच्या वेष्टनांवर अब्दुल वहीद खाँसाहेबांचं नाव पूर्ण अदबीने येतं. ज्या उस्तादांनी स्वतःचा आवाज टेपवर ठेवू दिला नाही, त्यांचं नाव न्यूयॉर्कच्या कलादालनांत छापलं गेलं. लाहोर आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणी ते किती जणांना आठवतं, हा प्रश्न मी इथे नुसता नोंदवतो.

तेलाचे पैसे आणि एक मशीद

अखंड वाजणारं घर चालवायला पैसा लागतो, आणि असल्या संगीताला तिकीटबारी नसते. म्युनिकचे ते हायनर फ्रीडरिश पुढे न्यूयॉर्कला आले. १९७४ मध्ये त्यांनी फिलिपा द मेनिल आणि हेलन विंकलर यांच्यासोबत 'डिया' नावाचं कला प्रतिष्ठान काढलं. पैसा फिलिपांच्या घराण्याचा, तेलविहिरींची उपकरणं बनवणाऱ्या श्लम्बर्जे कंपनीतला. १९७९ मध्ये डियाने हॅरिसन स्ट्रीटवरची एक अख्खी जुनी व्यापारी इमारत या जोडीला दिली. मजल्यामागून मजले, सगळीकडे स्वर आणि प्रकाश. सहा वर्षं हा थाट चालला.

आता पुढची गोष्ट वाचकांना पटणार नाही, पण ती खरी आहे. त्याच काळात फ्रीडरिश आणि फिलिपा तुर्कस्तानच्या शेख मुजफ्फर ओझाक यांच्या संपर्कात आले. हे शेख हल्वेती-जर्राही या सूफी सिलसिल्याचे. दोघांनी इस्लाम स्वीकारला. फिलिपा फरीहा झाल्या. डियाच्या पैशातून मर्सर स्ट्रीटवरचं एक जुनं अग्निशमन केंद्र विकत घेऊन तिथे मशीद केली, मस्जिद अल-फराह. आत दिवे कुणाचे, तर ट्यूबलाइटची शिल्पं करणारे प्रसिद्ध कलाकार डॅन फ्लेविन यांचे. एकाच थैलीतून एका बाजूला ड्रीम हाउस आणि दुसऱ्या बाजूला जिक्रचे हलके चालले होते. अखंड एका शब्दात बसणं आणि अखंड एका स्वरात बसणं, या दोन्हींना पैसे देणारा माणूस एकच असावा यात मला नवल वाटत नाही.

तेलाचे भाव पडले, शेअर घसरले, १९८५ मध्ये हॅरिसन स्ट्रीटची इमारत हातची गेली. जोडी आपल्या जुन्या चर्च स्ट्रीटच्या घरी परतली, 'मेला फाउंडेशन' नावाची छोटी संस्था काढली. १९९३ मध्ये तिथे नवं ड्रीम हाउस सुरू झालं, तिसाहून जास्त साइन वेव्हचं. २००२ मध्ये शिष्या जंग ही चोई यांच्यासह त्यांनी रागगायनाची मंडळी उभी केली. साठी ओलांडलेले दोघं इलेक्ट्रॉनिक उपकरणं बाजूला ठेवून आलाप करू लागले.

त्याच २००२ मध्ये वहीद खाँसाहेबांचे चिरंजीव, किराण्याचे खलिफा उस्ताद हाफिजुल्ला खाँ यांनी ला मोंट यंग यांना 'खाँसाहेब' हा किताब दिला. पुढे हाफिजुल्ला खाँ वारले. आयडाहोच्या ओंडक्यांच्या घरात जन्मलेला मॉर्मन पोरगा अशा रीतीने खाँसाहेब झाला.

भोपळा

आमच्या गावात साउंड सिस्टिमचा धंदा करणारा एक तरुण आहे. किल्ल्याच्या बाजूला त्याचं शेड. संदल असो की वरात, डीजे त्याचाच. त्याला मी मोबाइलवर १९७४ ची ती साइन वेव्हची बाजू ऐकवली. तीन मिनिटं ऐकून तो म्हणाला, "चाचा, ये तो टेस्टिंग का आवाज है. गाना कब शुरू होता?" मग त्याला खोलीत फिरायला लावलं. कोपऱ्यात गेल्यावर तो थांबला, परत आला, परत गेला. "इधर कम होरा, उधर ज्यादा होरा. मंडप में भी ऐसाच होता, हम स्पीकर सरकाते." जी गोष्ट त्याच्यासाठी दोष होती, दुरुस्त करायची होती, तीच त्या जोडीने आयुष्यभराचं काम केली. मी त्याला मिरजेबद्दल सांगितलं. दर्गा त्याला माहीत होता. आत गवयाची कबर आहे हे नव्हतं. मौसिकी जायज की नाजायज, यावर तो माझ्याशी जरूर वाद घालू शकला असता, पुष्कळ ऐकलेलं असतं. अब्दुल करीम खाँ हे नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी गेले. पाँडिचेरीला जाताना गाडीत छातीत दुखू लागलं, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल या लहान स्टेशनवर उतरले. फलाटावरच तानपुरा लावून दरबारीत कलमा गायले आणि प्राण सोडला, असं सांगतात. मय्यत मिरजेला आणली, दर्ग्यात दफन केलं. दर वर्षी उरुसात त्यांच्या कबरीजवळ गाणं होतं. मोठमोठे गवई येऊन बिदागी न घेता गातात.

त्याच मिरजेत सतारमेकरांची घराणी आहेत. मूळचे शिकलगार, तलवारीला धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हत्यारांचं काम बसत गेलं तेव्हा फरीदसाहेब यांनी तंबोरा दुरुस्त करायला घेतला आणि पुढे बनवायला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे कडू भोपळे आणून वाळवायचे, कापायचे, वर लाकडी दांडी बसवायची. खरी कसोटी शेवटी, जवारी काढताना. घोडीचा माथा कानस आणि काचेने इतका हलका घासायचा की तारेखाली सरकवलेल्या सुताच्या धाग्याने तो बारीक झणत्कार उठावा. ज्या उपस्वरांना यंग यांनी यंत्रांनी एकेकटं वेगळं केलं, ते इथे कारागीर एका घासणीत एकत्र जागे करतो. करीम खाँ स्वतः जवारी काढण्यात वाकबगार होते, वाद्यं स्वतः दुरुस्त करत.

१९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला. आता तर मोबाइलमध्ये फुकट मिळतो. शिकणाऱ्या पोरांची सोय झाली हे खरंच. पण त्यातला आवाज तोच तो फिरत राहतो. मिरजेच्या तानपुऱ्याची गिऱ्हाइकं त्याने कमी केली, आणि सतारमेकरांच्या पुढच्या पिढीतले काही जण दुसऱ्या कामांकडे वळले. म्हणजे एकाच यंत्रयुगात न्यूयॉर्कची ती जोडी विजेच्या स्वराकडून भोपळ्याच्या तानपुऱ्याकडे आली, आणि आपण भोपळ्याच्या तानपुऱ्याकडून विजेच्या डबीकडे गेलो.

मेरियन झझीला २८ मार्च २०२४ रोजी वारल्या. वय ८३. त्याच वर्षी मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता दुसऱ्या गावात बनलेल्या वाद्याला 'मिरजेचं' म्हणून विकता येणार नाही.